चार नावं, सहा दाणे

१४ जानेवारी, मंगळवार. नांदेड

संक्रांत. अप्पांना जाऊन वर्ष झालेलं नाही म्हणून घरात सण नाही. शेजारच्या काकू तिळगुळाची वाटी घेऊन दारापर्यंत आल्या, मग त्यांच्या लक्षात आलं, वाटी पदराखाली धरून परत गेल्या. आत बोलवायला हवं होतं. नाही बोलावलं.

अप्पांचा फोन अजून चालू ठेवलाय. आज तीन फोन. "अप्पा हायत का?" गेले म्हणून सांगितलं की समोरचा माणूस हळहळतो. मग विचारतोच, "मग ताई, आमची वंशावळ कोण करून देणार?"

कोण देणार. शेवटच्या सहा महिन्यांत त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं. कागद वाचून दाखवायची मी, शाईनं उतरवायची मी. सही मात्र त्यांची. रेकॉर्ड रूममध्ये जन्म गेलेला माणूस, लोक त्या सहीकडे बघून यायचे. माझ्या सहीला कोण विचारतं. कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं देणारी बाई.

कोर्स करायचा हे नक्की. कुठला ते ठरत नाही.

१६ जाने., गुरुवार

दोन्ही माहितीपत्रकं छापून आणली.

इथल्या नांदेडच्या कोर्सला मोडी आणि जुनी दप्तरं शिकवतात. सहा महिने, शनि-रवि. घरापासून रिक्षानं दहा मिनिटं. मोडी मला अप्पांमुळे निम्मी येतेच. अर्ज, दोन फोटो, संपलं. शेवटची तारीख ३१.

दुसरा पुण्याचा, ऑनलाइन, वर्षभर. वंशावळ-संशोधक असं सरळ नाव प्रमाणपत्रावर. पण प्रवेशालाच नमुना मागतात. स्वतः तयार केलेली एक वंशावळ, बापलेकाच्या प्रत्येक जोडीला कागदाचा पुरावा, आणि कुठं शंका असेल तर तीही लिहून. १० फेब्रु.पर्यंत.

दुपारी लायब्ररीत कोणी नव्हतं तेव्हा पुण्याच्या मॅडमना फोन केला. म्हटलं, वडिलांनी सही केलेली चालेल का. त्या म्हणाल्या, "वडिलांना प्रवेश हवाय का?" चेष्टेनंच म्हणाल्या असतील. त्यांना माहीत नाही. मी फोन ठेवला.

दादाचा लातूरहून फोन. "इथलाच कर. कागद मिळाल्याशी मतलब." बरोबर आहे त्याचं.

१९ जाने., रविवार

अप्पांच्या फोनवर काशिनाथ हुडगे, उदगीर. आडत दुकानावर मुनीम आहेत. ऑक्टोबरात अप्पांनी त्यांची वंशावळ करून दिली होती, मुलीच्या जात-पडताळणीसाठी.

"ताई, काशिनाथ बोलून राहिलो. पाच तारखेला लातूरला सुनावणी हाय पोरीची. म्हणलं कळवावं. अप्पा असते तर पाया पडून गेलो असतो."

मग हसत हसत सांगितलं, "एक गंमत झाली. आमचा हेळवी आल्ता बगा परवा." हेळवी दोन-तीन वर्षांनी एकदा येतो, ओसरीवर बसून घराण्याची नावं म्हणून दाखवतो, नवीन जन्मलेली पोरं वहीत घेतो, धान्य घेऊन पुढच्या गावाला जातो. आमच्याकडेही यायचा, मी लहान असताना. "म्हातारा झालाय बिचारा. दोन नावं जास्तीच सांगून राहिला. शिवप्पा नागप्पा, शिवप्पा नागप्पा, गाडी पुढंच सरकंना. आम्ही सगळे लई हसलो. मी म्हणलं, बाबा, अप्पांनी कागदावरून काढलंय, तुझं नुस्तं तोंडी. रुसला. जेवला सुदिक न्हाई."

मीही हसले असेन. तसं वाटतंय.

फोन ठेवल्यावर भाजी चिरत होते. शिवप्पा नागप्पा, शिवप्पा नागप्पा. डोक्यातून जाईना.

२२ जाने., बुधवार

नमुना म्हणून पुण्याला हुडग्यांचीच पाठवायची असं मनात होतं. सगळ्यात सुबक तीच उतरलीय. म्हणून फाइल काढली. (म्हणूनच काढली असं लिहिते. खरं कारण मला माहीत आहे.)

सगळ्यात वर शिवप्पा. त्याचा नागप्पा. त्याचा शिवप्पा. त्याचा इरप्पा. हा इरप्पा काशिनाथरावांचा आजा. म्हणजे वरची नावं चार.

दुसऱ्या शिवप्पाच्या नावाची एक मोडी पावती आहे फाइलमध्ये, तेव्हा तो कर्ता माणूस. इरप्पाची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर. वजाबाकी केली. परत केली. मग मोबाइलवर केली.

बाप आणि मुलगा यांच्यात पंचाहत्तर वर्षं.

हे अप्पांना दिसलं नाही? त्यांना दिसत नव्हतं. मला?

२४ जाने., शुक्र.

जेवण गेलं नाही. मूळ कागद उर्दूत आहे, निजामाच्या काळातला वारसाचा. मला उर्दू येत नाही. अप्पांनाही थोडंच यायचं. उर्दू कागद ते कायम लातूरला कादरी सरांकडून वाचून घ्यायचे. सर सांगणार, अप्पा पेन्सिलीनं मराठीत टिपणार. ते पेन्सिलीचं टिपण फाइलमध्ये नाही. कुठं गेलं.

रविवारी लातूर. दादाला फक्त "येतेय" एवढंच.

२६ जाने., रविवार. लातूर

सकाळची एसटी. लोहा, अहमदपूर, चाकूर. प्रत्येक गावात शाळेची पोरं झेंडावंदनाहून परतत होती. मांडीवर फाइल.

कादरी सर ऐंशीच्या पुढचे. उर्दू शाळेत मास्तर होते. अप्पांचं नाव काढलं तर आधी डोळे पुसले, मग ओरडले, "तेरे बाप ने शतरंज अर्धी सोडून दिली. माझा वजीर अजून तसाच उभा हाय." कोपऱ्यात पट खरंच तसाच मांडलेला होता.

कागद खिडकीशी नेऊन भिंगातून वाचला. घाई नाही, प्रत्येक ओळीखाली नख. "नागप्पा वल्द शिवप्पा. म्हणजे शिवप्पाचा नागप्पा. शिवप्पा वल्द नागप्पा. नागप्पा वल्द शिवप्पा. शिवप्पा वल्द नागप्पा. इरप्पा वल्द शिवप्पा." मान वर केली. "छे नाम. सहा."

मी म्हटलं, सर, तिसरी ओळ पहिलीच परत लिहिली असेल.

"का बरं? कारकून झोपला होता का? तुमच्याच लोकांत आजा गेला की नातवाला त्याचं नाव ठेवतात ना? मग हेच होणार. ही वेगळी माणसं हैत, बेटी. बघ, तिसऱ्याच्या पुढं गाव वेगळं लिवलंय. तेरे बाप को सब बोला मैं. त्यानं सहा दाणे मांडले माझ्यासमोर."

दाणे.

नंतर काय बोलले ते नीट ऐकलं नाही. चहा गार झाला.

२७ जाने., सोमवार. लातूर, दादाच्या घरी

रजा वाढवली. लिहून टाकते, नाहीतर उद्या मीच वेगळं सांगेन.

अप्पांची पद्धत. कागद वाचताना नावागणिक एक ज्वारीचा दाणा टेबलावर. शेवटी दाणे आणि नावं जुळली तरच शाईनं लिहायचं. गोळ्यांची एक जुनी डबी होती दाण्यांची. मला ते जुनाट वाटायचं.

ऑक्टोबरातली संध्याकाळ. कॉलेजातून दमून आले होते. त्यांनी सरांकडून आल्या दिवशीच सहा दाणे टेबलाच्या कडेला ओळीनं ठेवलेले. मी पेन्सिलीचं टिपण वाचत होते, वाचता वाचता थेट शाईनं उतरवत होते. दोन ओळी झाल्यावर पुन्हा नागप्पा वल्द शिवप्पा, पुन्हा शिवप्पा वल्द नागप्पा. म्हटलं, यांनी तेच तेच परत लिहिलंय. सरळ इरप्पावर गेले.

अप्पांनी विचारलं, "दाणे सहा हैत ना गं? नावं किती झाली?"

"चारच आहेत अप्पा."

"नीट बघ."

"बघितलं. चारच."

त्यांनी हात टेबलाच्या कडेकडे नेला. मग चाचपडत दोन दाणे उचलले आणि परत डबीत टाकले. माझ्या डोळ्यांवर भरवसा म्हणून. सही केली. पेन्सिलीचं टिपण मीच फाडलं असणार, उतरवून झालं की फाडायचे मी.

हे मला आठवत होतं. विसरले नव्हते.

२८ जाने., मंगळ.

दादाला सांगितलं. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून बसला.

"कोणाला कळलंय?"

"मला. कादरी सरांना."

"मग झालं तर. समिती काय वजाबाक्या करत बसते का? शंभर फायली असतात त्यांच्याकडं. तू काय नवीन उकरून राहिलीस? अप्पांचं नाव जाईल. वीस वर्षं लोकांनी डोळे झाकून नेली त्यांची वंशावळ. एक चुकली म्हणलं की सगळ्या चुकल्या म्हणतात."

आणि समितीनं वजाबाकी केलीच तर? प्रतीक्षा हुडगे. ऑक्टोबरात वडिलांबरोबर आली होती, पायातली चप्पल काढावी की नाही या विचारात दारात उभी. पडताळणी नाही तर तिचा नर्सिंगचा प्रवेश नाही.

वहिनीनं हळूच म्हटलं, "ताई, खाऊन घ्या आधी." दादा तिच्यावरच खेकसला.

३१ जाने., शुक्र. नांदेड

इथल्या कोर्सची शेवटची तारीख. अर्ज भरून, फोटो चिकटवून गेले. खिडकीत माझ्यापुढं दोघं होते. खिडकीतला कारकून ओळखीचा निघाला, "अरे, तुम्ही अप्पांची मुलगी! मग तुम्हाला काय शिकवायचं? द्या इकडं, नमुनाबिमुना काही लागत न्हाई."

अर्ज त्याच्या हातात होता. मी म्हटलं, एक मिनिट, एक कागद राहिला.

काही राहिलं नव्हतं. परत घेतला आणि आले. पाचला खिडकी बंद झाली असेल. त्या वेळी मी कपड्यांच्या घड्या करत होते.

२ फेब्रु., रविवार

काशिनाथरावांना फोन. सकाळपासून चार वेळा हातात घेऊन ठेवला. अप्पांच्या फोनवरून नाही, माझ्या फोनवरून केला. त्यांनी ओळखलं नाही, नाव सांगावं लागलं.

सगळं सांगितलं. पलीकडून बाजारातला आवाज, कोणीतरी पोत्यांचे आकडे ओरडत होतं.

"आज दोन तारीख हाय ताई. पाचला सुनावणी."

"हो."

"आमी निवांत होतो. अप्पांची सही म्हणून निवांत होतो. चुकलं कोण, अप्पा का?"

"मी. वाचणारी मी होते."

"तुमी शिकलेल्या बाई हाव ना?" आवाज चढला. मग एकदम उतरला. "हेळव्याला काय तोंड दाखवू आता. उपाशी लावून दिलं की हो म्हाताऱ्याला."

मग म्हणाले, "काय करायचं ते करा लवकर."

३ फेब्रु., सोम.

नवीन वं. लिहिली. सहा नावं, दोन पानं. कादरी सरांचं उर्दूचं वाचन त्यांच्या सहीनिशी, मी मोबाइलवर मागवलं, मूळ लातूरला हातात देतील. पंचाहत्तर वर्षांचं कोडं सुटतं, प्रत्येक बापलेकात पंचवीसच्या आसपास. जुळलं तेव्हा बरं वाटायला हवं होतं.

या वेळी दाणे मांडले. डबीत हात घातला तर अप्पांच्या तपकिरीचा वास. सहा मोजून घेतले, डबी बंद केली.

४ फेब्रु., मंगळ. लातूर

चूक का झाली याचं शपथपत्र द्यावं लागणार. दादा नोटरीकडं बरोबर आला. मला वाटलं राग गेला. रस्त्यात म्हणाला, "हे बघ, करायचंच तर असं लिही की अप्पांची नजर गेली होती, वयोमानानं चूक झाली. ते आता कोणाला जाब देणार हैत? तुला पुढं याच कामात राहायचंय ना? पहिल्याच कागदावर स्वतःचं नाव काळं करतेस?"

परवा अप्पांचं नाव वाचवायचं होतं. आज माझं. दोन्ही वेळा तो मनापासूनच बोलत होता, हे कळतं मला.

नोटरीनं विचारलं, "काय टाकू?" मी म्हटलं, "मजकूर वाचून दाखवण्याचे व लिहिण्याचे काम मी केले. दोन ओळी मी सोडल्या. वडिलांनी विचारणा केली असता मी नावे चारच असल्याचे सांगितले."

टायपिस्टनं "विचारणा केली असता" ला मान वर करून बघितलं.

दादा बाहेर जाऊन उभा राहिला.

५ फेब्रु., बुधवार

सुनावणी. अकराची दोनला लागली. बाकावर मी, काशिनाथराव, प्रतीक्षा. काशिनाथराव माझ्या बाजूला न बसता मुलीच्या पलीकडं बसले.

प्रतीक्षानं एकदाच विचारलं, "ताई, नाही झालं तर माझं वर्ष जाईल ना?"

हो म्हटलं. नाही कसं म्हणू.

आतले साहेब दोन्ही वंशावळी शेजारी ठेवून बघत होते. बराच वेळ. "आधीची चूक आमच्याही लक्षात आली होती. अंतर फार दिसत होतं. आम्ही विचारणारच होतो." काशिनाथरावांनी माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदाच त्या दिवसात.

मग साहेबांनी शपथपत्र वाचलं. "वाचन तुम्ही करत होता. किती दिवस?"

"सहा महिने."

"त्या काळात अजून किती केल्या?"

मला माहीत होतं. रजिस्टर आहे. "अकरा."

त्यांनी समासात काहीतरी लिहिलं. अकराच लिहिलं असेल. "मूळ उर्दू कागदाची तपासणी होईल. निर्णय राखून ठेवतो."

बाहेर आल्यावर काशिनाथराव म्हणाले, "चला, उसाचा रस घेऊ." तिघांनी उभ्याउभ्या घेतला. माफ केलं असं नाही. तहान लागली होती.

८ फेब्रु., शनि. नांदेड

पुण्याच्या मॅडमना फोन. म्हटलं, नमुन्यात दोन वंशावळी पाठवल्या तर चालतील का. एक चुकलेली, एक दुरुस्त.

"चुकलेली कशाला? ती काढून टाका ना."

"ती समितीपुढं गेलीय. आणि शंका लिहा म्हणता तुम्ही."

"निवड करणाऱ्यांना विचारावं लागेल. असं कोणी पाठवत नाही. मी शब्द देत नाही हं."

शब्द नको म्हटलं.

दादाचा फोन नाही. वहिनीचा मेसेज, फक्त "जेवलात का".

१० फेब्रु., सोमवार

पाठवलं. अर्जात एक रकाना, 'तयार करणाऱ्याचे नाव'. ऑक्टोबरच्या कागदाला अप्पांचं लिहायला हात गेला होता. दोन्हींना माझंच लिहिलं. वडिलांच्या नावाचा रकाना वेगळा होता, तिथं अप्पा. त्यापुढं 'हयात / मयत'. पहिल्यांदाच टिक करावी लागली.

निवडीची यादी महिनाअखेर. समितीकडून काही नाही. काशिनाथराव एक दिवसाआड विचारतात, आता माझ्याच फोनवर.

काल कादरी सरांकडं गेले, दर रविवारी जायचं ठरवलं. प्रमाणपत्र नाही, परीक्षा नाही. "अलिफपासून सुरू करू," म्हणाले. "बाप भी ऐसाच आला होता, चाळीस की उमर में. आधी वजीर हलव."

कुठला हलवायचा ते मला माहीत नाही.

१३ फेब्रु., गुरु.

अकरा फायली काढल्या. रोज संध्याकाळी एक, असं ठरवलं होतं, पण बसले की दोन होतात. सहा बघून झाल्या. सहाही जुळल्या. वाटायला लागलं होतं की तेवढी एकच.

आज सातवी. औशाकडचं घराणं. अप्पांच्या सहीखालची वं. म्हणते, वर पाच नावं. याही कागदाचं पेन्सिलीचं टिपण नाही, पण वंशावळीच्या पानामागं अप्पांचं मोठ्ठं थरथरतं अक्षर, न बघता लिहिल्यासारखं: "७?"

मला हे तेव्हा दिसलं नव्हतं. की पान उलटलंच नव्हतं.

मूळ कागद उर्दू. अलिफ आणि बे सोडून मला त्यात काही ओळखता येत नाही. पण तिसरी ओळ आणि पाचवी ओळ दिसायला सारख्या आहेत, एवढं दिसतं. तेच परत लिहिलंय की दोन माणसं आहेत, ते मला सांगता येत नाही.

त्या घराला फोन करायचा आहे. आज, की रविवारी सरांनी वाचल्यावर. त्यांच्या मुलाला नोकरी लागलीय म्हणे त्याच कागदावर.

टेबलावर सात दाणे मांडलेत. रविवारपर्यंत एकही उचलायचा नाही.